दिलेला शब्द

डेव्हिड लिव्हिंग्स्टन याचा जन्म १८१३ मध्ये स्कॉटलंडमधील ब्लँटायर या गावी एका गरीब पण धर्मनिष्ठ कुटुंबात झाला. वयाच्या दहाव्या वर्षी तो सूतगिरणीत कामाला लागला. पहिल्या मजुरीतून त्याने लॅटिन व्याकरणाचे पुस्तक घेतले. यंत्रावर ते उघडे ठेवून काम करता करता तो एकेक वाक्य वाचून काढी. पुढे वैद्यकी शिकून १८४१ मध्ये तो ख्रिस्ती धर्मोपदेशक म्हणून आफ्रिकेत उतरला.

तेथे मकोलोलो लोकांचा तरुण राजा सेकेलेटू याच्याशी त्याचा स्नेह जमला. समुद्रापर्यंत व्यापाराची वाट सापडली, तर गुलामांचा क्रूर व्यापार मागे पडेल, अशी लिव्हिंग्स्टनला आशा होती. नोव्हेंबर १८५३ मध्ये राजाने आपली २७ माणसे त्याच्या स्वाधीन केली. त्यांना परत घरी आणून पोहोचवीन, असा शब्द देऊन तो लिन्यांटीहून पश्चिमेकडे निघाला.

पाऊस, दलदल, वाटेवरच्या टोळ्यांच्या खंडण्या आणि पुनःपुन्हा येणारा हिवताप! ३१ मे १८५४ रोजी तो लुआंडा बंदरात पोहोचला, तेव्हा केवळ हाडांचा सापळा उरला होता. तेथे आलेल्या इंग्रजी जहाजांवरील अधिकाऱ्यांनी त्याला मायदेशी नेण्याची तयारी दाखविली. त्याची पत्नी व मुले १८५२ पासून तिकडेच होती. तो गेला असता, तर त्याला कोणी दोष दिला नसता. परंतु मग त्या २७ जणांना कोण परत नेणार? गोरे लोक आपल्याला जहाजात घालून विकतील, या भीतीवर मात करून ती माणसे केवळ त्याच्या शब्दावर आली होती. लिव्हिंग्स्टनने जहाजाकडे पाठ फिरवली. या वचनाची किंमत त्याच्या घरच्यांनाही मोजावी लागली, हे विसरता येत नाही.

परतीच्या वाटेवर त्याला कळले, की त्याची पत्रे व नकाशे नेणारे जहाज बुडाले. ते सारे त्याने पुन्हा लिहून काढले. सप्टेंबर १८५५ मध्ये सत्तावीसच्या सत्तावीस माणसे जिवंत घरी पोहोचली.

पुढे तो झांबेझी नदीच्या काठाने पूर्वेकडे गेला. या वेळी सोबत शंभराहून अधिक मकोलोलो होते. जानेवारी १८५६ मध्ये एका टोळीकडून जिवाला धोका दिसला, तेव्हा रात्री लपून नदी ओलांडावी असे त्याच्या मनात आले. पण मी सदैव तुमच्याबरोबर आहे, हे ख्रिस्ताने शिष्यांना दिलेले वचन त्याने बायबलात वाचले. ख्रिस्त दिला शब्द मोडणार नाही, अशी त्याची अढळ श्रद्धा होती; तो दिवसाढवळ्या पार झाला. अशा प्रभूच्या सेवकाने स्वतःचा शब्द कसा मोडावा?

टेटे येथे त्या माणसांना ठेवून, मरण आले नाही तर परत येईन, असे सांगून तो इंग्लंडला गेला. तुमचा इंग्रज आता येत नाही, असे म्हणून तेथील लोक त्यांना हिणवीत. सुमारे तीस जण देवीच्या साथीत दगावले. अखेर सप्टेंबर १८५८ मध्ये लिव्हिंग्स्टन आला! काही जण त्याला मिठी मारायला धावले. त्याचे नवे कपडे मळतील म्हणून इतर त्यांना अडवू लागले.

काहींनी टेटे येथेच संसार थाटले होते. ज्यांना जायचे होते, त्यांना १८६० मध्ये त्याने स्वतः घरी नेले. लिन्यांटीला त्याची जुनी गाडी उभी होती. १८५३ मध्ये मकोलोलोंच्या भरवशावर ठेवलेले तिच्यातील सामान सात वर्षांनंतरही जसेच्या तसे होते.