सागराच्या तळाकडे

ऑग्यूस्त पिकार यांचा जन्म २८ जानेवारी १८८४ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझल या नगरात झाला. ज्या देशाला समुद्रकिनारा मुळीच नाही, त्या देशातील हा मुलगा पुढे महासागराच्या तळाची वाट दाखवणारा ठरला, हे मोठे नवल होय. त्यांचे जुळे भाऊ झाँ यांनाही विज्ञानाची तशीच गोडी होती.

ऑग्यूस्त झुरिच येथे शिकत असताना त्यांच्या वाचनात 'वाल्डिव्हिया' या जर्मन जहाजाच्या सफरीचा वृत्तान्त आला. त्या जहाजावरील शास्त्रज्ञ महासागरात खोलवर जाळी सोडून चित्रविचित्र प्राणी वर काढीत. परंतु वर येईपर्यंत त्यांतील बहुतेक मरून जात. हे प्राणी त्यांच्याच घरी जाऊन का पाहू नयेत, असा विचार त्या तरुणाच्या मनात आला. मात्र मार्गात पाण्याचा दाब उभा होता. समुद्रात दर दहा मीटर खोलीगणिक प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोग्रॅम भार वाढतो. एक हजार मीटर खोलीवर नखाएवढ्या जागेवर एका क्विंटलचे ओझे पडते. त्या काळच्या पाणबुड्या अशा ठिकाणी केव्हाच चिरडून गेल्या असत्या.

विद्यार्थ्याचा विचार मनातच राहिला. पुढे पिकार ब्रुसेल्स येथे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले. अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांचा अभ्यास करण्यासाठी त्यांना अतिशय उंच जावयाचे होते. तेथील विरळ हवेत माणूस जगू शकत नाही. म्हणून त्यांनी ॲल्युमिनियमची हवाबंद गोल खोली तयार केली व ती एका प्रचंड बलूनला टांगली. २७ मे १९३१ रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथून पिकार आणि त्यांचे साहाय्यक पॉल किप्फर आकाशात चढले. थोड्याच वेळात त्या खोलीला एक छिद्र असल्याचे त्यांच्या ध्यानी आले. आतली हवा सूं सूं करीत बाहेर जाऊ लागली. पिकार यांनी धीर न सोडता व्हॅसलिनमध्ये माखलेले ताग त्या छिद्रात घट्ट कोंबले आणि हवा राखली. संकट एवढ्यावर थांबले नाही. वायू सोडून खाली उतरण्याची दोरी गुंतून बसली. आता संध्याकाळी बलूनमधील वायू थंड होईपर्यंत वरच थांबणे भाग होते. उन्हाने खोली तापली, तहानेने जीव व्याकूळ झाला. भिंतींवर जमलेले दवाचे थेंब चाटून त्यांनी दिवस काढला. रात्री ते ऑस्ट्रियातील एका हिमनदीवर सुखरूप उतरले. त्या दिवशी ते १५,७८१ मीटर उंच गेले होते. त्यापूर्वी एवढ्या उंचीवर कोणीही मनुष्य गेला नव्हता.

हवाबंद गोलात बसून जर आकाशात जाता येते, तर तसाच पोलादी गोल घेऊन समुद्रात का उतरू नये? जुना विचार पुन्हा जागा झाला. १९३४ मध्ये अमेरिकेचे विल्यम बीब आणि ओटिस बार्टन बर्म्युडाजवळ पोलादी गोलात बसून ९२३ मीटर खोल गेले होते. परंतु तो गोल जहाजावरून एका तारदोराने सोडलेला होता. तो दोर तुटता, तर आतील माणसे कायमची तळाला गेली असती. पिकार यांना दोरच नको होता.

त्यांनी बलूनची युक्ती पाण्यात आणली. बलूनमध्ये हवेपेक्षा हलका वायू असतो; येथे त्यांनी पाण्यापेक्षा हलके पेट्रोल घेतले. पेट्रोलने भरलेल्या मोठ्या टाकीखाली जाड पोलादाचा गोल टांगला. टाकी खालून उघडी ठेवल्यामुळे समुद्राचे पाणी आत शिरू शके. आतला व बाहेरचा दाब सारखा राही, आणि टाकीचा पत्रा पातळ असला तरी चालत असे. खाली नेण्यासाठी लोखंडी छर्ऱ्यांचे ओझे घेतले. ते छर्रे विद्युतचुंबकाने धरून ठेवलेले असत. वीज बंद पडली, तर छर्रे आपोआप गळून पडत आणि नौका वर येई. बिघाडच माणसाला घरी पोचवील, अशी ही योजना होती! या नौकेला त्यांनी 'बाथिस्काफ' म्हणजे 'खोलगामी नौका' असे नाव दिले.

दुसऱ्या महायुद्धामुळे काम रखडले. अखेर १९४८ मध्ये आफ्रिकेच्या पश्चिमेस पहिली नौका पाण्यात उतरली. माणसांविना ती १,३८० मीटर खोल जाऊन आपोआप परत आली. म्हणजे युक्ती खरी ठरली. परंतु वर आल्यावर लाटांच्या तडाख्याने तिची पातळ टाकी मोडली आणि सारे पेट्रोल समुद्रात सोडून द्यावे लागले. यश डोळ्यांसमोर असूनही लोकांनी फजितीच पाहिली. पिकार तेव्हा चौसष्ट वर्षांचे होते.

त्यांनी पुन्हा आरंभ केला. त्यांचे पुत्र जाक यांनी इटलीतून साहाय्य मिळवले, आणि 'त्रिएस्ते' ही नवी नौका सिद्ध झाली. ३० सप्टेंबर १९५३ रोजी पोंझा बेटाजवळ एकोणसत्तर वर्षांचे पिता आणि त्यांचे पुत्र त्या अरुंद गोलात शेजारी बसले व भूमध्य समुद्रात ३,१५० मीटर खोल गेले. विद्यार्थिदशेतील विचाराला जवळजवळ पन्नास वर्षे झाली होती.

पुढे अमेरिकेच्या नौदलाने 'त्रिएस्ते' विकत घेतली आणि तिला अधिक मजबूत गोल बसवला. २३ जानेवारी १९६० रोजी जाक पिकार व नौदलाचे अधिकारी डॉन वॉल्श प्रशांत महासागरातील मेरियाना गर्तेत उतरले. नऊ हजार मीटरच्याही खाली मोठा आवाज झाला आणि नौका हादरली. बाहेरच्या एका खिडकीला तडा गेला होता. पण ज्या गोलात ते बसले होते, तो शाबूत होता. ते उतरतच राहिले. सुमारे पावणेपाच तासांनी, जवळजवळ अकरा किलोमीटर खोल, नौका तळाला टेकली. वीस मिनिटांनी छर्रे सोडले गेले आणि पेट्रोलने त्यांना पुन्हा उजेडात आणले.

वृद्ध ऑग्यूस्त त्या सफरीत नव्हते. मात्र आपली नौका पृथ्वीवरील सर्वांत खोल ठिकाणी जाऊन आल्याची वार्ता त्यांना हयातीत मिळाली. मार्च १९६२ मध्ये लोझान येथे त्यांचे निधन झाले. 'त्रिएस्ते' आता वॉशिंग्टन येथील नौदलाच्या संग्रहालयात आहे. तिच्या प्रचंड टाकीखाली तो लहानसा गोल अजूनही तसाच टांगलेला दिसतो.