लक्ष्मीबाई टिळक

मंडळाच्या या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा माझ्या मनात दुसरे नावच आले नाही. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ मी पहिल्यांदा वाचली ती हसत हसत. त्या हसण्याआड केवढी धास्ती दडली आहे, हे दुसऱ्या वाचनात उमगले.

त्यांचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेर गोखल्यांचे. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या आईच्या वडिलांना फाशी झाली आणि त्या धक्क्याने लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचे जणू वेडच लागले. बाजारातून आणलेले मीठसुद्धा धुतल्यावाचून घरात येत नसे! धुतलेल्या मिठातले उरते किती, ते आपणा गृहिणींना सांगायला नको. अशा घरात वाढलेल्या मुलीच्या हाडीमाशी विटाळाचे भय भिनले, तर नवल कसले?

अकराव्या वर्षी त्यांचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले. नवरा कवी, बुद्धीने तल्लख, पण संसारात पाय ठरेना. १८९५ साली टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. पदरी लहानगा दत्तू. पतीला सोडवत नव्हते आणि त्यांच्या पंक्तीला बसवत नव्हते. काही वर्षे त्या नातलगांच्या आधाराने पंढरपूर वगैरे ठिकाणी राहिल्या. पुढे पतीजवळ नगरास आल्या, तरी चूल वेगळी, पाणी वेगळे.

मला या साऱ्या चरित्रात मोलाचा वाटतो तो राहुरीचा काळ. माणसे देवाने निर्माण केली, मग जाती कोणी केल्या, हा प्रश्न तेथे त्यांच्या मनाने घेतला. तो त्यांनी आपला आपणच सोडवला आणि यापुढे कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यायचे असे ठरवले. लिहायला ही एक ओळ, पण ज्या बाईने जन्मभर सावलीसुद्धा टाळली, तिने परक्याच्या हातचा पेला तोंडाला लावायचा म्हणजे काय, हे आपल्या आज्या-पणज्या असत्या तर त्यांनी सांगितले असते. हे झाले ते बाप्तिस्म्याच्या आधी, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. बाप्तिस्मा त्यांनी १९०० साली घेतला, तोही केवळ नवऱ्यामागून जायचे म्हणून नव्हे. माझ्या मते अवघड घाट तो पहिलाच होता.

आपली श्रद्धा दुसऱ्याला सांगायची, तर आधी त्याच्याजवळ बसावे लागते. लक्ष्मीबाईंना तर बसण्याचीच चोरी होती. ती गेल्यावर टिळकांच्या घरात दुष्काळातली पोरकी मुले आली, त्यांचे सारे त्यांनी केले. पुढे प्लेगच्या साथीत लोक रोग्यांपासून दूर पळत असता त्या शुश्रूषेला उभ्या राहिल्या. त्यांचे धर्माचे सांगणे मला आधी येथे दिसते, शब्दांत नंतर.

शब्दांचे भय वेगळे होते. १९१९ साली टिळक वारले. ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध करण्यासाठी त्यांनी ‘ख्रिस्तायन’ लिहावयास घेतले होते, त्याचे दहा-अकरा अध्यायच झाले होते. लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. अक्षरओळख पतीने करून दिलेली, आणि जोडाक्षरांशी तर त्यांचे कधी फारसे जमलेच नाही. एवढ्या मोठ्या कवीच्या ओवीपुढे आपली ओवी ठेवायची! मी असते तर ते कागद जपून पेटीत ठेवले असते. त्यांनी सुमारे ६४ अध्याय रचले. ओवी तर त्यांच्या ओळखीचीच होती. देवघरात आणि जात्यावर ऐकलेल्या त्याच चालीवर त्यांनी आपला नवा देव मराठी माणसांपुढे आणला.

‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने निघाली. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला लक्ष्मीबाई निवर्तल्या. ‘ख्रिस्तायन’ छापून आले १९३८ साली, ते त्यांना पाहायला मिळाले नाही.

मंडळाच्या कपाटात ‘स्मृतिचित्रे’ची एक प्रत आहे. शिवण सैल झाली आहे, तेव्हा नेणाऱ्या भगिनींनी जपून हाताळावी.