मधुबाला : जन्मजात छिद्र घेऊन जगलेले हृदय

'बहुत दिन हुए' या चित्रपटाचे चित्रीकरण १९५४ मध्ये मद्रासला सुरू असताना मधुबालाला रक्ताची उलटी झाली. चित्रपटसृष्टीला तिच्या आजाराची चाहूल लागली ती तेव्हा. आजार मात्र नवा नव्हता. तो तिच्याबरोबरच जन्माला आला होता. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला छिद्र होते. योगायोग असा, की त्याच वर्षीच्या मार्चमध्ये अमेरिकेतील मिनिआपोलिस येथे डॉ. वॉल्टन लिलेहाय यांनी एका बालकाच्या हृदयातील असेच छिद्र शिवून बंद केले होते. अशी ती जगातील पहिली शस्त्रक्रिया. मधुबाला तेव्हा एकवीस वर्षांची होती.

मुमताज जहाँ बेगम देहलवी हे तिचे मूळ नाव. जन्म १४ फेब्रुवारी १९३३ चा, दिल्लीतला. वडील अताउल्ला खान यांची नोकरी गेली आणि मोठे कुटुंब मुंबईस आले. घर चालविण्याचा भार या मुलीवर पडला. 'बसंत' (१९४२) मध्ये ती बालकलाकार होती, तर 'नीलकमल' (१९४७) मध्ये राज कपूरची नायिका. 'महल' (१९४९) प्रदर्शित झाला तेव्हा तिचे वय अवघे सोळा होते. पुढील काही वर्षांत तिने किती चित्रपट केले हे पाहिले, तर त्या हृदयाकडून केवढे काम करून घेतले गेले याची कल्पना येते.

आज भोर तालुक्यातील नसरापूरसारख्या गावातही अंगणवाडीतील मुलांची राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासणी होते आणि हृदयाचा वेगळा आवाज ऐकू आला, की मुलाला पुढील तपासणीसाठी पाठविले जाते. मधुबालाच्या बालपणी तो आवाज कोणी ऐकला असता, तरी पुढे करण्याजोगे काही नव्हते.

या विकारात डाव्या कप्प्यातील शुद्ध रक्त छिद्रातून उजवीकडे ढकलले जाते आणि फुप्फुसांत गरजेपेक्षा जास्त रक्त शिरते. छिद्र मोठे असेल, तर फुप्फुसांतील रक्तवाहिन्या वर्षानुवर्षे तो दाब सोसून जाड व कठीण होतात. उजव्या कप्प्यावर ताण येतो, हृदयाची लय बिघडू शकते, खोकल्यातून रक्त पडते. अखेर प्रवाह उलटा फिरतो. ऑस्ट्रियाचे व्हिक्टर आयझेनमेंगर यांनी १८९७ मध्ये या अवस्थेचे वर्णन केले होते. या टप्प्यावर छिद्र हीच दाब सुटण्याची वाट होऊन बसते. ते बुजविले तर रुग्ण दगावण्याचा धोका असतो.

दुखणे वाढत असताना के. आसिफ यांच्या 'मुगल-ए-आझम'चे काम चालूच होते. अनारकलीच्या अंगावरचे साखळदंड खऱ्या लोखंडाचे होते, असे सांगितले जाते. दरम्यान 'मिस्टर अँड मिसेस ५५', 'हावडा ब्रिज' आणि 'चलती का नाम गाडी' येऊन गेले. त्यांतील तिचे खळाळते हसू पाहून तिला काही दुखत असेल असे कोणालाही वाटत नाही.

'मुगल-ए-आझम' ऑगस्ट १९६० मध्ये प्रदर्शित झाला. त्याच वर्षी तिने किशोर कुमारशी विवाह केला. उपचारांसाठी दोघे लंडनला गेले. तेथील डॉक्टरांनी शस्त्रक्रियेस नकार दिला आणि फार तर दोन वर्षांची मुदत सांगितली. वैद्यकीयदृष्ट्या याचा अर्थ एवढाच लागतो, की वेळ टळून गेली होती. दिलीप कुमारशी झालेल्या ताटातुटीने ती खचली, ही कथा लोकांना अधिक भावली. चाहत्यांना तारकेच्या मृत्यूला रोगाचे नाव नकोच असते.

डॉक्टरांची मुदत मात्र तिने कितीतरी मागे टाकली. 'हाफ तिकीट' (१९६२) पडद्यावर आला, 'शराबी' १९६४ मध्ये आला. नंतरची वर्षे बहुतांशी अंथरुणातच गेली. त्याच मुंबईत, परळच्या केईएम रुग्णालयात, डॉ. पी. के. सेन यांनी १६ फेब्रुवारी १९६८ रोजी भारतातील पहिले हृदयप्रत्यारोपण केले. रुग्ण काही तासच जगला. त्यानंतर एक वर्ष आणि एक आठवडा उलटल्यावर, २३ फेब्रुवारी १९६९ रोजी मधुबालाचे निधन झाले. छत्तिसावा वाढदिवस होऊन नऊ दिवस झाले होते.

रखडलेला 'ज्वाला' १९७१ मध्ये प्रदर्शित झाला. कृष्णधवल पडद्यावर वाढलेली ही नायिका त्यात रंगीत दिसते. सांताक्रूझच्या दफनभूमीतील तिची कबर २०१० मध्ये नव्या दफनांना जागा हवी म्हणून हटविण्यात आली.