काचघरांतील बाई : ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन

फोटो काढण्याचा नाद लागलेले विद्यार्थी आमच्या शाळेंत थोडेथोडके नाहींत. सहलीस निघाले कीं डोंगर, धबधबा, मित्रमंडळी, झाडावरचें पांखरूं, वाटेवरची म्हातारी, जें दिसेल तें टिपावयाचें. आज चेहऱ्यांचा छंद, तर उद्यां नाटकांतील प्रसंगांचा. मग घरचीं वडील माणसें विचारतात कीं, या धरसोडींतून निष्पन्न काय होणार? प्रश्न रास्त आहे, व त्याचें उत्तर देण्याचा अधिकार आमच्याकडे नाहीं. परंतु ही विद्या कोणा उस्तादाजवळ न शिकतां केवळ आवडीनें तिच्या तीन-चार वाटा चोखाळणाऱ्या एका बाईंचें चरित्र आमच्या वाचनांत आलें, तें वाचकांपुढें ठेवितों.

ज्यूलिया मार्गारेट यांचा जन्म ११ जून १८१५ रोजीं कलकत्त्यास झाला. वडील जेम्स पॅटल हे कंपनी सरकारचे बंगालमधील अंमलदार; आई फ्रेंच घराण्यांतील. पॅटल घरच्या मुली रूपवती म्हणून कलकत्त्यांत व लंडनांत गाजल्या होत्या. त्यांत रूपानें डावी अशी एक ज्यूलियाच. तिचें बरेंचसें बालपण फ्रान्समध्यें आजीजवळ गेलें. पुढें हिंदुस्थानांत परतल्यावर प्रकृति बिघडली म्हणून ती हवापालटासाठीं आफ्रिकेच्या दक्षिण टोंकास, केपला गेली, आणि तेथें १८३६ सालीं दोन माणसांशीं तिची ओळख झाली. एक चार्लस हे कॅमेरॉन. हे कायदेपंडित तिच्याहून वीस वर्षांनीं वडील होते. १८३८ सालीं कलकत्त्यास त्यांच्याशीं तिचा विवाह झाला. मेकॉले साहेबांबरोबर आपल्या देशाच्या दंडसंहितेचा मसुदा करणाऱ्या मंडळांत ते होते. म्हणजे २०२४ सालापर्यंत आपल्या न्यायालयांत चालत असलेल्या कायद्याशीं या घराचा असा संबंध आहे. दुसरी ओळख ज्योतिषी सर जॉन हर्शेल यांची. ते दक्षिणेकडील तारे मोजण्यासाठीं केप येथें दुर्बीण लावून बसले होते. काढलेलें चित्र प्रकाशानें पुन्हां काळें पडूं नये म्हणून त्यास हायपोनें धुवावें, ही युक्ति हर्शेल यांचीच. छायाचित्रणाची नवी कला निघाल्यावर त्यांनीं तिचे नमुने कॅमेरॉनबाईंकडे कलकत्त्यास पाठविले. बाईंनीं ते जपून ठेवले. पण स्वतः तें यंत्र हातीं धरण्यास अजून वीस वर्षांहून अधिक काळ जावयाचा होता.

मधल्या वर्षांविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं. १८४८ सालीं कुटुंब विलायतेस गेलें. सहा मुलें पोटचीं, त्यांत आप्तांचीं पोरकीं मुलें सांभाळावयाचीं, पाहुण्यांचा राबता अखंड. १८६० सालीं वाइट बेटावरील फ्रेशवॉटर गांवीं त्यांनीं दोन घरें घेऊन जोडलीं. कवि टेनिसन शेजारीं राहत होते. सिलोन बेटांत चार्लस साहेबांच्या कॉफीच्या मळ्याजमिनी होत्या, त्यांतील एकीवरून घरास डिंबोला असें नांव दिलें. १८६३ च्या डिसेंबरांत साहेब त्या मळ्यांवर गेलेले, मुलें मोठीं होऊन आपापल्या मार्गाला लागलेलीं, आणि घर सुनें झालेलें. आईला करमणूक व्हावी म्हणून मुलीनें व जांवयानें एक कॅमेरा भेट पाठविला. त्या वेळीं बाईंचें वय अठ्ठेचाळीस वर्षांचें होतें. आमच्याकडे या वयाच्या बाईला सून आली कीं स्वयंपाकघराच्या किल्ल्याही सोडून द्याव्या असें म्हणतात!

ही भेट म्हणजे खिशांत मावणारें खेळणें नव्हे, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत घ्यावें. लांकडाची जड पेटी, तींत ११ इंच लांब व ९ इंच रुंद काच बसे. काचेवर कलोडियन नांवाचा चिकट द्रव एकसारखा ओतावयाचा. ती अंधारांत चांदीच्या क्षाराच्या पाण्यांत बुडवावयाची. आणि ओली आहे तोंवरच पेटींत घालून चित्र घ्यावयाचें व लगेच अंधारखोलींत नेऊन तें उमटवावयाचें. काच वाळली कीं सगळें वायां. समोरच्या माणसानें तीन मिनिटांपासून सात मिनिटांपर्यंत हालावयाचें नाहीं. नंतर काच विहिरीच्या थंड पाण्यानें पुन्हां पुन्हां धुवावयाची, आणि अंड्याच्या पांढऱ्या बलकाचें लेपण दिलेल्या कागदावर उन्हांत छाप घ्यावयाची. चांदीच्या क्षारानें बोटें व कपडे काळे होत ते कशानेंही निघत नसत. बाईंनीं कोळशाच्या कोठाराची अंधारखोली केली. कोंबड्यांचें काचेचें खुराडें होतें, त्यांतील कोंबड्या बाहेर काढून तेथें चित्रें घेण्याची जागा केली. शिकविणारें कोणी नव्हतें. पहिलें चित्र गांवच्या एका शेतकऱ्याचें घेतलें. त्यास बसण्याबद्दल ताशीं अर्धा क्राउन मजुरी दिली, आणि चित्र उमटल्यावर आनंदाच्या भरांत काचेच्या नको त्या बाजूवर हात फिरवून तें स्वतःच पुसून टाकिलें.

यानंतर दोन मुलांना एकत्र बसविलें. चित्र होत आलें होतें तोंच एकाला हसूं आलें. शेवटीं ॲनी नांवाच्या एकाच मुलीला बसवून बाईंनीं तिला विनविलें कीं, बाळ, तूं हाललीस तर माझीं औषधें व माझे श्रम फुकट जातील. ती मुलगी हालली नाहीं. १८६४ च्या जानेवारींत तें चित्र साधलें. बाई त्या मुलीस कांहीं तरी बक्षीस द्यावें म्हणून घरभर धांवत सुटल्या. जणूं चित्र तिनेंच काढलें होतें! त्याच दिवशीं छाप घेऊन, चौकटींत बसवून तें मुलीच्या वडिलांना दिलें, आणि हें माझें पहिलें यश अशा अर्थाचे शब्द बाईंनीं त्या चित्राखालीं लिहिले.

पुढील अकरा वर्षांतील कामापैकीं मोठ्या पुरुषांचे चेहरे आम्हांस सर्वांत श्रेष्ठ वाटतात. त्या काळचे धंदेवाईक फोटोग्राफर गिऱ्हाइकाला नक्षीदार खांबाशेजारीं उभें करून डोक्यापासून बुटापर्यंत सारें स्वच्छ टिपीत. बाईंनीं खांब काढून टाकिले. मागें काळोख, अंगावर एखादें गडद वस्त्र, एका बाजूनें उजेड, आणि चौकट भरून केवळ मस्तक. १८६७ सालीं त्या आपलें सारें सामान घेऊन हर्शेल यांच्या घरीं गेल्या. वृद्ध ज्योतिषाचे पांढरे केस बाईंनीं धुवून मोकळे करविले असें सांगतात. त्या चित्रांत काळोखांतून तो चेहरा असा वर येतो कीं, ज्यानें जन्मभर रात्रीं जागून आकाश पाहिलें त्याचेंच हें तोंड, हें न सांगतां कळावें. कार्लाइल त्याच वर्षींचे. डार्विन १८६८ च्या उन्हाळ्यांत फ्रेशवॉटरला राहावयास आले असतां त्यांचें चित्र घेतलें. आपल्या सर्व चित्रांत हेंच आपणांस अधिक आवडतें असें डार्विन यांनीं त्यावर नमूद केलें. टेनिसन मात्र आपल्या एका चित्रास थट्टेनें घाणेरडा जोगी म्हणत. अमेरिकन कवि लाँगफेलो यांना ते बाईंच्या स्वाधीन करून निघाले, तेव्हां ही सांगेल तें निमूटपणें करा, तुमचें काय शिल्लक राहतें तें पाहावयास मी मागाहून येतों, असें बजावून गेले म्हणतात.

जाणत्या मंडळींनीं बाईंची निंदा फार केली. चित्रें अस्पष्ट आहेत, काचेवर डाग व ओरखडे आहेत, बाईंना भिंग जुळवितां येत नाहीं, असा सूर लंडनच्या फोटोग्राफीच्या मासिकांतून निघे. ॲलिसची गोष्ट लिहिणारे लुई कॅरोल हेही हौशी फोटोग्राफर होते. त्यांनाही ही अस्पष्टता रुचली नाहीं. बाईंचें म्हणणें असें कीं, भिंग पुढेंमागें करितां करितां डोळ्यांना सुंदर दिसेल अशी जागा आली कीं आपण तेथें थांबतों. अधिक रेखीव व्हावें म्हणून पुढें फिरवीत नाहीं. आणि कोणतें स्पष्ट व कोणतें अस्पष्ट हें ठरविणारे तुम्ही कोण? आमचें मत विचाराल तर दोन्ही पक्षांचें थोडें थोडें खरें आहे. आरंभीं हा दोष हातून घडत होता यांत संशय नाहीं. भिंगही तितकें उत्तम नव्हतें. पण १८६६ सालीं त्याहून मोठा, १५ इंच व १२ इंच काचेचा कॅमेरा घेतल्यावरही त्यांनीं तोच मृदुपणा कायम ठेविला, तेव्हां तो दोष न राहतां निवड झाला. डाग मात्र डागच. हाताखालीं शिकलेला गडी असता तर ते टळले असते, असें आम्हांस वाटतें. १८६५ सालीं लंडनच्या साऊथ केन्सिंग्टन म्युझियमनें, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमनें, त्यांचीं चित्रें विकत घेतलीं, आणि १८६८ सालीं चित्रें घेण्यासाठीं दोन खोल्याही दिल्या.

दुसरी वाट पवित्र व काल्पनिक चित्रांची. कुमारी मरिया व बाळ येशू यांचीं चित्रें त्यांनीं पुष्कळ केलीं. त्यांतील मरिया म्हणजे घरची मोलकरीण मेरी हिलियर, आणि बाळ शेजारपाजारचें. झोपलें तर उत्तम, नाहीं तर हालावयाचेंच. सकाळीं केर काढणारी मुलगी दुपारीं येशूची माता होऊन बसे, आणि संध्याकाळीं पुन्हां चुलीपाशीं. या चित्रांतील शांत मुद्रा पाहून कोणी तिला नोकर म्हणणार नाहीं. दुसरी मेरी रायन ही पटनी गांवच्या माळावर भीक मागणाऱ्या एका बाईची मुलगी. तिला कॅमेरॉनबाईंनीं घरीं आणून वाढविलें, शिकविलें व कामास ठेविलें. लंडनच्या प्रदर्शनांत तिचें चित्र पाहून हेन्री कॉटन नांवाचा एक तरुण मोहित झाला, व १८६७ सालीं दोघांचें लग्न झालें. हे कॉटन पुढें आसामचे चीफ कमिशनर होऊन निवृत्त झाले, आणि १९०४ सालीं मुंबईस भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनाचे अध्यक्ष हेच सर हेन्री कॉटन होते. एका ओल्या काचेवरच्या चित्रानें एवढें घडविलें!

तिसरी वाट आम्हांस तितकी साधलेली दिसत नाहीं. १८७४ सालीं टेनिसन यांनीं राजा आर्थरवरील आपल्या काव्यमालिकेसाठीं चित्रें मागितलीं. बाईंनीं शेजारी, पाहुणे, हमाल, ज्याचें तोंड पात्रास जुळेल त्याला कवचें व झगे घालून उभें केलें. मर्लिन जादूगार म्हणून खुद्द यजमान चार्लस साहेब बसले. त्यांना ऐन वेळीं हसूं फुटे आणि काचेमागून काच वायां जाई असें सांगतात. बारा चित्रांसाठीं दोनशेंहून अधिक काचा खर्ची पडल्या. पुस्तकांत त्यांतील थोडींच व तींही लहान लांकडी ठशांनीं छापलीं गेलीं, तेव्हां बाईंनीं चिडून आपल्या खर्चानें मोठ्या आकाराचा निराळा ग्रंथ काढला. श्रम अचाट खरे. परंतु पडदा पडदाच दिसतो, व चंद्र कागदाचा वाटतो. हर्शेलच्या चेहऱ्यांत जें आपोआप आलें तें येथें वेष चढवूनही आलें नाहीं.

या साऱ्यांत पैशाची विवंचना होती, ती लपवून चालणार नाहीं. हौस म्हणून आरंभिलेल्या कामांतून संसारास हातभार लागावा अशी बाईंची आशा होती. त्यांनीं पांचशेंहून अधिक चित्रांचे हक्क सरकारी दप्तरांत नोंदविले, चित्रें विक्रीस ठेविलीं, नामांकितांच्या सह्या छापांवर घेतल्या. तथापि औषधें, काचा व फुकट वाटलेल्या चित्रांच्या मानानें मिळकत तोकडी पडली. १८६९ सालीं निराळेंच संकट आलें. जपून ठेविलेल्या मूळ काचांवरील लेप तडकूं लागला, आणि त्यावर उपाय सुचवा म्हणून ज्या मंडळींनीं त्यांना नांवें ठेविलीं होतीं त्यांच्याच सभेपुढें त्यांना जावें लागलें. त्याच सालीं सिलोनच्या कॉफीवर पानांचा तांबेरा पडला, व पुढें हळूहळू मळेच बसले. १८७५ च्या ऑक्टोबरांत वृद्ध पतीसह बाई आपल्या मुलांजवळ सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेंत, राहावयास गेल्या. सामानांत दोन शवपेट्याही होत्या असें सांगतात.

तेथील उकाड्यांत काम फारसें झालें नाहीं. त्या काळच्या चित्रांपैकीं तीसही आज उरलीं नसावींत. १८७७ सालीं मेरिॲन नॉर्थ ही वनस्पतींचीं चित्रें काढणारी बाई त्यांना भेटावयास आली. घरांत भिंतींवर, मेजांवर, जमिनीवर सर्वत्र फोटो पसरलेले होते, आणि पांखरें मोकळीं ये-जा करीत होतीं. कॅमेरॉनबाईंनीं तिचे केस सोडविले, अंगाभोंवतीं लोकरी शाल गुंडाळली, नारळाच्या टोंचणाऱ्या झांवळ्यांत उभें केलें, आणि अगदीं सहज दिसा म्हणून सांगितलें. उष्णतामापक त्या वेळीं ९६ अंश दाखवीत होता! एका मजुराची पाठ तर बाईंना इतकी आवडली कीं, त्याला माळी म्हणून ठेवून घ्या असा त्यांनीं मुलाजवळ हट्ट धरिला. बाग मुळीं त्यांच्याकडे नव्हतीच.

२६ जानेवारी १८७९ रोजीं त्या सिलोनमध्येंच वारल्या. पतीही पुढच्या वर्षीं गेले. दोघांस बोगावंतलावा येथील लहानशा देवळाच्या आवारांत पुरलें आहे. हर्शेल, कार्लाइल, डार्विन यांच्या चित्रांखालीं बाईंनीं नांवें ठळक लिहिलीं. मेरी हिलियर पुष्कळदां मरियेच्या नांवामागें झांकली गेली, तरी ती कोण होती हें आज ठाऊक आहे. सिलोनमधल्या चित्रांत मळ्यांवरचे मजूर व गांवच्या बायका तशाच थेट, तशाच गंभीर मुद्रेनें भिंगाकडे पाहत आहेत. त्यांतील बहुतेकांचीं नांवें मात्र कोठेंही लिहिलेलीं नाहींत.