नदीतली नाव आणि तिचं नाव

आपल्या यवतमाळ जिल्ह्याला समुद्र नाही. आहेत त्या वर्धा, पैनगंगा, बेंबळा. शिडाची नाव मी पहिल्यांदा पाहिली ती लग्नानंतर, मुंबईला. त्यामुळे आधुनिक ऑलिम्पिकची पहिली महिला विजेती शिडाच्या नावेवरची होती, आणि ती शर्यत समुद्रात नाही तर नदीत झाली, हे वाचून मला भारीच नवल वाटलं.

हेलन बार्बीचा जन्म १८६८चा, न्यूयॉर्कचा. आईचं माहेर लोरिलार्ड, तंबाखूचे बडे व्यापारी. १८९१मध्ये काउंट हर्मान द पूर्तालेसशी लग्न झालं आणि ती स्वित्झर्लंडची झाली. नवरा २१ वर्षांनी मोठा, शिवाय बिजवर! हेलनची एलेन झाली. आपल्याकडे लग्नात नाव बदलतात तसंच की.

१८९६च्या ऑलिम्पिकमध्ये बायकांना प्रवेशच नव्हता. १९००मध्ये पॅरिसला हजारेक खेळाडूंत बायका अवघ्या २२. २२ मे रोजी पॅरिसजवळ सीन नदीवर शर्यत झाली. ‘लेरिना’ नावेवर तिघं : हर्मान, त्याचा पुतण्या बर्नार्ड आणि ३२ वर्षांची एलेन. अशा नावेत नुसतं बसून भागत नाही. वारा फिरला की शीड फिरवायचं, दोर ओढायचे, आपलं वजन झटकन दुसऱ्या बाजूला टाकायचं. दोनच दिवसांपूर्वी वारा पडल्यामुळे बऱ्याच नावा वेळेत पोचल्याच नव्हत्या. ‘लेरिना’ मात्र पहिली आली.

पण गाजावाजा झाला नाही. खेळ जागतिक प्रदर्शनाच्या गर्दीत महिनोन्‌महिने चालले. आपण ऑलिम्पिक खेळतोय हे कित्येकांना ठाऊकही नव्हतं. ११ जुलैला शार्लट कूपर टेनिस जिंकली आणि पुढे वर्षानुवर्षं पहिली म्हणून तिचंच नाव सांगितलं गेलं. एकेरीत ती पहिली, हे खरंच. एलेन मात्र नावेच्या आणि नवऱ्याच्या नावाआड राहिली.

मला माझी आत्या आठवली. पऱ्हाटी लावण्यापासून बैलजोडी घेण्यापर्यंत सगळं तीच बघायची. सातबाऱ्यावर नाव आतोबांचं. ते गेल्यावर स्वतःचं नाव चढवायला तिने तीन वर्षं हेलपाटे घातले.

हर्मान १९०४मध्ये गेला. एलेन त्यानंतर ४१ वर्षं जगली आणि २ नोव्हेंबर १९४५ला जिनिव्हात वारली. आज ऑलिम्पिकच्या नोंदीत ‘लेरिना’पुढे तिघांची नावं आहेत. तिचंही.