खराटा, गाडगं आणि मैत्री



आजचा श्लोक गीतेच्या बाराव्या अध्यायातला तेरावा. आपल्या आवडत्या भक्ताची लक्षणं भगवंत इथून सांगायला लागतात. कोणाचाही द्वेष न करणं हे पहिलं. लगेच मैत्री येते, आणि करुणा तिच्या मागून. मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो. करुणा वरून खाली बघूनही करता येते. मैत्रीसाठी मात्र शेजारी येऊन बसावं लागतं.

मला हा क्रम उलगडला तो गाडगेबाबांच्या आयुष्यातून. शाळेत त्यांच्यावर निबंध आपण सगळ्यांनीच लिहिलाय. आज जरा वेगळ्या बाजूने बघू.

२३ फेब्रुवारी १८७६ ला अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात, परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. वडील दारूपायी लवकर गेले आणि आई सखुबाई लहानग्या डेबूला घेऊन भावाकडे दापुऱ्याला आली. गुरं राखणं, नांगर धरणं, रात्री सवंगड्यांसोबत भजन, यात तो मोठा झाला. शाळा नाहीच. पहिल्या मुलीच्या बारशाला रिवाजाप्रमाणे दारू-मटण न ठेवता त्याने गोडाधोडाचं जेवण घातलं. भाऊबंद नाराज झाले, पण वडिलांना संपवणारी गोष्ट आनंदाच्या दिवशी पंगतीत येऊ द्यायची नाही, हे त्याचं पक्कं होतं.

१ फेब्रुवारी १९०५ ला डेबूजीने घर सोडलं. मागे आई, पत्नी कुंताबाई आणि लेकरं राहिली. चरित्रातल्या या पानावर मी दर वेळी थबकतो. पुढे जे मोठं काम उभं राहिलं, त्यात या माणसांनी जे सोसलं तेही धरायलाच हवं.

अंगावर चिंध्यांचा सदरा, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा आणि मातीचं गाडगं. त्या गाडग्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणायला लागले. गावात शिरले की ओळख करून देणं नाही, सत्कार नाही. थेट गटारं आणि रस्ते साफ करायला सुरुवात. आधी लोकांना वाटे, कोणी वेडा असावा. मग कुतूहलाने दोघं-चौघं जवळ येत. एखाद्याला आपल्याच दारातला कचरा दुसरा कोणी काढतोय हे बघवत नसे, तो घरातून खराटा आणे. दिवस उतरेपर्यंत गावातली बरीच माणसं एकाच ओळीत वाकलेली असत. कामात असताना जात आणि जमीन कोणाची किती, हे विचारायला फुरसत कोणाला!

रात्री त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन. तेही एकतर्फी नसे. बाबा वऱ्हाडीत साधे प्रश्न विचारत, समोरचे उत्तर देत आणि आपल्याच उत्तरावर हसत. कर्ज काढून सण करणं, नवसाला बकरं कापणं, दारू, शिवाशीव, सगळे विषय त्यात असत. दिवसभर ज्याच्यासोबत घाम गाळला, तो माणूस रात्री टोचून बोलला तरी राग येत नाही. सोबत केलेल्या कामाने आधीच विश्वास तयार केलेला असतो.

पंढरपूरला वारीच्या गर्दीत ते देवळात न जाता चंद्रभागेचं वाळवंट झाडत. यात्रेकरूंचे हाल त्यांनी तिथे रोज पाहिले, म्हणून पुढे पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी इथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. सोबत शाळा आणि वसतिगृहंही. स्वतः निरक्षर, पण शिक्षणाचा आग्रह एवढा की ताट मोडा पण पोराला शिकवा, अशा अर्थाचं ते सांगत फिरत. पाया पडायला आलेल्यांना मात्र ते जवळ फिरकू देत नसत. आपला कोणी शिष्य नाही, ही त्यांची भूमिका शेवटपर्यंत कायम होती.

शिष्य नव्हते, पण मित्र किती होते! त्यांच्याहून ३३ वर्षांनी लहान तुकडोजी महाराज त्यातले एक. त्यांचं चरित्र लिहिणारे प्रबोधनकार ठाकरे दुसरे. आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर. एकाकडे परदेशातल्या पदव्या, दुसऱ्याला अक्षरओळख नाही, पण दोघांना एकमेकांचं मोल ठाऊक होतं. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा गाडगेबाबांनी १९४९ मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीकडे जाताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडगेबाबांनीही देह ठेवला.

आपल्या पिढीचं बघा. मदत करायची तर यूपीआयने दोन सेकंदांत पैसे जातात. ते चांगलंच आहे, थांबवू नका. पण त्यातून कोणाची ओळख होत नाही. आणि शहरात आपल्याला पैशांइतकीच माणसांचीही चणचण आहे. फोनमध्ये हजार नंबर असतात, पण ताप आला की हाक मारायला नाव आठवत नाही.

आमच्या सोसायटीतले आम्ही चार-पाच जण रविवारी सकाळी मारुतीच्या देवळामागची जागा साफ करतो. लिफ्टमध्ये नुसती मान हलवणाऱ्या शेजारच्या काकांचं नाव मला तिथे कळलं. खराटा कसा धरला म्हणजे कंबर दुखत नाही, हे शिकवलं रोज झाडायला येणाऱ्या मावशींनी. आता जिन्यात भेटल्या की पाच मिनिटं गप्पा होतातच. अर्ध्या तासाचं काम, पण रविवार छान जातो.

मैत्री करुणेच्या आधी का, याचं उत्तर मला यात सापडलं. घमेलं एका हातातून दुसऱ्या हातात जाताना देणारा आणि घेणारा एकाच उंचीवर उभे असतात.

आजच्यासाठी एवढंच करून बघा. ऑफिसची पँट्री, घरची भांडी, देवळाच्या पायऱ्या, कोणतंही एक काम घ्या. ते रोज जो करतो, त्याच्यासोबत उभं राहून करा. आणि त्याचं नाव विचारायला विसरू नका.

राम कृष्ण हरी.