विवेकच्या २१ धावा



सदलग्यापासून सांगली काही लांब नाही. तिथं ११ मार्च १९१५ रोजी एका ख्रिस्ती शिक्षकाच्या घरी विजय सॅम्युअल हजारे जन्मले. १९५२ साली मद्रासला इंग्लंडला हरवून भारतानं पहिला कसोटी विजय मिळवला, तेव्हा कर्णधार तेच होते. २००४ साली बडोद्यात ते वारले.

पण वर्गात मी पोरांना सांगायचो ती गोष्ट हरलेल्या सामन्याची. डिसेंबर १९४३, मुंबईचं ब्रेबॉर्न स्टेडियम, पंचरंगी स्पर्धेची अंतिम लढत. हिंदू संघाच्या ५८१ धावा. ख्रिस्ती, ज्यू वगैरेंचा ‘रेस्ट’ संघ १३३ मध्ये गारद. फॉलोऑननंतरच्या ३८७ पैकी ३०९ एकट्या विजयरावांच्या! भाऊ विवेकसोबत त्यांनी ३०० धावांची भागी केली. त्यात विवेकच्या फक्त २१. पण साडेपाच तास तो दुसऱ्या टोकाला उभा राहिला, म्हणून ३०९ झाल्या. सामना मात्र एका डावानं गेलाच.

आपल्यातही कुणी वर्षानुवर्षं आजाऱ्याच्या उशाशी बसतं, कुणी गुपचूप चर्च झाडतं. फळ दिसत नाही म्हणून मन खचतं. त्यांनी हा विवेक आठवावा. प्रभूच्या वहीत त्या २१ धावाही लिहिलेल्या असतात, असा माझा विश्वास आहे.

– एक निवृत्त शिक्षक, सदलगा